लायबेरियाच्या बायकांनी युद्ध खरंच थांबवलं का?

प्रश्न असा आहे: लायबेरियातल्या बायकांनी पांढरे कपडे घालून धरणं धरलं आणि १४ वर्षांचं युद्ध थांबलं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. हे कितपत खरं? पुढे तिथे एक बाई राष्ट्राध्यक्ष झाल्या, त्यानं सामान्य बायकांच्या पदरात काय पडलं? आणि रवांडाच्या संसदेत ६० टक्क्यांवर बायका आहेत, तर तो सगळ्यांनी गिरवावा असा कित्ता आहे का? तालुक्यातल्या महिला सदस्यांच्या प्रशिक्षणात हा विषय घ्यायचा आहे.

प्रशिक्षणासाठी हवं आहे म्हणून जरा ऐसपैस लिहिते. मी आधी इथे पंचायतीतल्या महिला सदस्यांबरोबर आणि नंतर पश्चिम आफ्रिकेत मतदार नोंदणी आणि समेटाच्या कामात होते. खालची मतं त्या कामातून बनलेली आहेत, ती तुम्हाला सगळीच पटावीत असा आग्रह नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: एकट्या त्यांनी थांबवलं नाही. मात्र त्या नसत्या तर करार केव्हा झाला असता आणि झाल्यावर टिकला असता का, याची मला दाट शंका आहे. त्यांचं मोठं काम त्या प्रसिद्ध फोटोंच्या आधी आणि नंतर झालं, आणि नेमकं तेच सांगायचं राहून जातं.

आधी थोडी पार्श्वभूमी. डिसेंबर १९८९ मध्ये चार्ल्स टेलरनं बंड पुकारलं. सात वर्षांच्या मारामारीनंतर १९९७ मध्ये निवडणूक झाली आणि टेलरच प्रचंड मतांनी निवडून आला. हा हरला तर पुन्हा बंदूक उचलेल, त्यापेक्षा देऊन टाका खुर्ची, असा अनेकांनी हिशेब केला होता. तो चुकला. १९९९ पासून टेलरविरुद्ध 'लर्ड' ही बंडखोर संघटना आणि २००३ मध्ये तिच्यातूनच फुटलेली 'मॉडेल' असं दुसरं युद्ध पेटलं. दोन्ही युद्धांत मिळून अडीच लाखांच्या आसपास माणसं मेली असा सर्वसाधारण अंदाज आहे. देशाची लोकसंख्याच तेव्हा ३० लाखांच्या घरात होती.

बायका २००३ मध्ये अचानक रस्त्यावर आल्या असं समजू नका. १९९४ मध्येच मेरी ब्राउनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लायबेरियन विमेन्स इनिशिएटिव्ह' सुरू केलं होतं. मागणी एकच: आधी शस्त्रं खाली ठेवा, मग निवडणुका घ्या. वाटाघाटींचं आमंत्रण कुणी देत नव्हतं, तरी त्या जाऊन बसत. १९९६ मध्ये रूथ पेरी हंगामी राज्यमंडळाच्या अध्यक्ष झाल्या, पण बंदूकवाल्या गटांनी त्यांच्या हाती फारसं काही उरू दिलं नाही. २००० मध्ये गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया या तीन शेजारी देशांतल्या बायकांनी मानो नदीच्या नावानं शांततेसाठी जाळं उभारलं. गिनीचे राष्ट्राध्यक्ष लान्साना कोंते टेलरचं तोंडही पाहायला तयार नव्हते. ब्राउनेलबाईंनी त्यांना सांगितलं, तुम्हा दोघांना एका खोलीत कोंडीन आणि तुम्ही बोलेपर्यंत किल्ली माझ्याजवळ ठेवीन. कोंते हसले, आणि भेटायला तयार झाले. असं बोलायला लायबेरियात वयाचा मान कामी येतो, आणि ब्राउनेलबाई पेशानं शिक्षिका होत्या.

म्हणजे लेमा ग्बोवी मैदानात उतरल्या तेव्हा जवळपास दहा वर्षांची मशागत झालेली होती. ग्बोवी स्वतः समाजसेविका. लढाईत वापरल्या गेलेल्या मुलांना सावरण्याचं काम करत त्या या कामात आल्या. पश्चिम आफ्रिकेतल्या शांतता संघटनांच्या जाळ्यानं २००१ मध्ये बायकांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला, त्याच्या लायबेरियातल्या त्या समन्वयक होत्या. त्यांनी चर्चमधल्या बायकांना गोळा केलं. पोलीस खात्यात वरच्या हुद्द्यावर असलेल्या असातू बाह केनेथ यांनी मुस्लिम बायकांना आणलं. रविवारी चर्च, शुक्रवारी मशीद, इतर दिवशी बाजार अशी फिरती चालायची.

एप्रिल २००३ पासून राजधानी मनरोव्हियातल्या मासळी बाजाराजवळच्या मैदानात त्या रोज बसायला लागल्या. जागा विचार करून निवडलेली होती. टेलरच्या गाड्यांचा ताफा त्याच रस्त्यानं जायचा. पांढरा टी-शर्ट, डोक्याला पांढरं फडकं, दागिना एकही नाही. वकिलीणबाई कोणती आणि मासे विकणारी कोणती हे लांबून कळू नये, हा त्यामागचा हेतू. मागण्या तीन: ताबडतोब शस्त्रसंधी, वाटाघाटी, आणि बाहेरची शांतिसेना. टेलर चालते व्हा, हे त्या यादीत नव्हतं. स्त्रियांचे हक्क, प्रतिनिधित्व, कायदे यांतलंही त्यात काही नव्हतं. आपल्याकडे बैठकीत मागण्यांचं पत्रक सतरा कलमांचं होतं आणि तहसीलदाराला सतरा पळवाटा मिळतात. इथे सरकार आणि बंडखोर दोघांनाही उघडपणे नाही म्हणता येणार नाही एवढंच मागितलं होतं. प्रशिक्षणात मी सगळ्यात जास्त वेळ या मुद्द्याला देते.

२३ एप्रिलला टेलरनं त्यांना राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात बोलावलं. ग्बोवींनी निवेदन वाचलं, पण त्याच्याकडे पाहून नाही. तिथे सिनेटच्या प्रमुख ग्रेस मायनर बसल्या होत्या. बाईसाहेब, हे निवेदन तुम्ही आमच्या वतीनं राष्ट्राध्यक्षांना द्या, अशी विनंती करून त्यांनी ते त्यांच्याकडे सोपवलं. टेलर वाटाघाटींना कबूल झाला. मग याच बायकांनी सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउन गाठून बंडखोरांच्या पुढाऱ्यांनाही तयार केलं. एकाच बाजूला धारेवर धरलं असतं तर दुसरी बाजू त्यांना टेलरची माणसं म्हणाली असती.

नवऱ्यांशी शरीरसंबंध न ठेवण्याच्या 'संपा'बद्दल तुम्ही वाचलं असेलच. जगभरच्या बातमीदारांना तेवढंच आवडतं. ग्बोवींनी स्वतःच नंतर म्हटलं आहे की त्याचा प्रत्यक्षात फारसा परिणाम झाला नाही, प्रसिद्धी मात्र भरपूर मिळाली. प्रशिक्षणात त्यावर वेळ घालवू नका.

४ जून २००३ ला घानात वाटाघाटी सुरू झाल्या. त्याच दिवशी सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयानं तिथल्या युद्धातल्या गुन्ह्यांबद्दलचं टेलरवरचं आरोपपत्र उघड केलं आणि तो अटकेच्या भीतीनं मनरोव्हियाला परतला. चर्चा मात्र चालू राहिली, म्हणजे रखडत राहिली. हॉटेलात राहणारे बंडखोर पुढारी खातं कोणाला, बंदर कोणाला, यावर वाद घालत बसले आणि तिकडे राजधानीवर तोफगोळे पडत होते. २१ जुलैला मनरोव्हियात अमेरिकी दूतावासाच्या आवारात आसरा घेतलेल्या लोकांवर गोळे पडले. ती बातमी चर्चा चालू होती त्या अक्राला, म्हणजे घानाच्या राजधानीत, पोचली तेव्हा बायकांचा संयम सुटला. त्यांच्यात घानातल्या निर्वासितांच्या छावणीतल्या लायबेरियन बायकाही होत्या. हातात हात गुंफून त्या सभागृहाच्या दारांत बसल्या. करार होईस्तोवर आत अडकलेल्या कुणीही बाहेर पडायचं नाही. मध्यस्थ होते नायजेरियाचे माजी लष्करशहा अब्दुलसलामी अबुबकर. जनरल लेमा आणि त्यांच्या फौजेनं सभागृह ताब्यात घेतलं आहे, असं त्यांनीच ध्वनिक्षेपकावरून जाहीर केलं.

सुरक्षा रक्षक ग्बोवींना अटक करायला आले तेव्हा त्यांनी अंगावरचे कपडे उतरवायला सुरुवात केली, आणि रक्षक मागे सरले. आईच्या वयाच्या बाईनं जाणूनबुजून विवस्त्र होणं हा तिकडे पुरुषांवर घातलेला शाप मानतात. १९९२ मध्ये केनियात नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये राजकीय कैद्यांच्या आयांनी पोलिसांसमोर हेच केलं होतं आणि पर्यावरण कार्यकर्त्या वंगारी मथाई तिथे त्यांच्या सोबत होत्या. आपल्या वाचकाला २००४ मध्ये मणिपुरातल्या बायकांनी सुरक्षा दलाच्या तळाच्या दारात विवस्त्र होऊन केलेला निषेध आठवेल. तिथला संदर्भ वेगळा होता, पण आया रस्त्यावर येऊन असं करतात तेव्हा सत्तेच्या तोंडाला कुलूप लागतं, एवढं दोन्हीकडे दिसलं.

पुढे ११ ऑगस्टला टेलर राजीनामा देऊन नायजेरियाला गेला आणि १८ ऑगस्टला करारावर सह्या झाल्या. मानो नदी जाळ्याच्या प्रतिनिधीची सही त्या करारावर आहे.

आता श्रेय कोणाला किती? टेलरवर आरोपपत्र होतं. हिऱ्यांच्या आणि मग लाकडाच्या निर्यातीवर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आल्यामुळे त्याचा पैसा आटला होता. लर्डनं राजधानीला वेढा घातला होता. नायजेरियाचं सैन्य ऑगस्टच्या सुरुवातीला उतरलं, किनाऱ्याजवळ अमेरिकी जहाजं उभी होती, आणि टेलरला आसरा द्यायला नायजेरिया तयार होता. यांतलं काहीही बायकांच्या हातात नव्हतं. त्यांच्या हातात होतं ते एवढंच, की वेळकाढूपणा करणाऱ्यांना जगासमोर लाज आणायची. टेलर जाणार हे ठरत आलं होतं, पण कराराविना गेला असता तर लर्ड आणि मॉडेल यांच्यात तिसरं युद्ध लागणं सहज शक्य होतं.

करारात काय मिळालं तेही पाहा. हंगामी विधिमंडळाच्या ७६ जागांपैकी १२ टेलरच्या सरकारला, १२ लर्डला, १२ मॉडेलला. म्हणजे ३६ जागा बंदुकीच्या बळावर. राजकीय पक्षांना १८, पंधरा परगण्यांना १५, आणि नागरी संघटना वगैरे सगळ्यांना मिळून ७. दारात बसलेल्या बायका त्या सातांच्या गर्दीत. सह्या होण्याआधीच बायकांच्या संघटनांनी अक्रात स्वतंत्र बैठक घेऊन प्रत्येक हंगामी संस्थेत स्त्रिया हव्यात असा ठराव केला होता. तो फार कुणी मनावर घेतला नाही. योगायोग असा की त्याच वर्षी ११ जुलैला आफ्रिकी संघानं मोझांबिकची राजधानी मापुतो इथे स्त्रियांच्या हक्कांचा करार संमत केला होता, ज्यात शांतता प्रक्रियेतल्या सहभागाचा हक्क लिहिलेला आहे. कागद आणि सभागृह यांच्यात अंतर असतंच.

घरी परतल्यावर खरी मेहनत सुरू झाली. डिसेंबर २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी घाईनं शस्त्रं जमा करून घ्यायला सुरुवात केली. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त लढवय्ये आले, पैसे लगेच द्या म्हणून दंगल झाली आणि कार्यक्रम बंद करावा लागला. तो नीट सुरू व्हायला एप्रिल २००४ उजाडला. बायकांच्या संघटना या मुलांना ओळखत होत्या. कुणाचा मुलगा, कुणाचा भाचा. लढवय्यांशी बोलणं, त्यांना समजावणं हे काम त्यांनी केलं. शेवटी १ लाखांहून जास्त जणांची नोंद झाली आणि बंदुका जमा झाल्या सुमारे २८ हजार. हे आकडे पाहून खोटी नावं किती घुसली असतील असा प्रश्न पडतो, आणि घुसलीही. पण दुसरंही कारण होतं. लढणाऱ्या टोळ्यांबरोबर स्वयंपाक करणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, पळवून नेऊन 'बायको' केलेल्या मुली होत्या. बंदूक आणली तरच मदत असा नियम ठेवला असता तर त्यांना काहीच मिळालं नसतं. बायका आणि मुलं बंदुकीशिवायही पात्र धरली, म्हणून सुमारे २२ हजार स्त्रियांची नोंद होऊ शकली. तरीही अनेकजणी आल्याच नाहीत. नाव नोंदवलं तर गावात टोळीतली बाई म्हणून ठपका बसेल ही भीती होती.

मग मतदार नोंदणी. बाजारात बसणारी बाई रांगेत उभी राहिली तर तिचा दिवसाचा धंदा बुडतो. म्हणून स्वयंसेविका तिच्या टोपल्या सांभाळायच्या, तिचं पोर घ्यायच्या, आणि ती नोंदणी करून यायची. २००५ मध्ये नोंदलेल्या मतदारांत जवळपास निम्म्या बायका होत्या, त्यामागे ही असली कामं आहेत. पहिल्या फेरीत फुटबॉलपटू जॉर्ज विया पुढे होता. दुसऱ्या फेरीत एलेन जॉन्सन सरलीफ यांना ५९ टक्के मतं मिळाली आणि आफ्रिकेत निवडणुकीनं राष्ट्राध्यक्ष झालेली पहिली स्त्री १६ जानेवारी २००६ ला पदावर आली. मतदानाच्या काळात आयांनी तरुण पोरांची मतदार ओळखपत्रं लपवून ठेवल्याच्या गोष्टी मनरोव्हियात हसत हसत सांगतात. लोकशाहीच्या पुस्तकात त्या बसत नाहीत, पण मी ऐकल्या तशा सांगितल्या.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथून सुरू होतं, आणि ते तितकं गोड नाही.

सरलीफ म्हणजे मैदानातल्या बायकांपैकी एक नव्हेत. त्या अर्थशास्त्राच्या जाणकार, १९७९ मध्ये अर्थमंत्री, नंतर सॅम्युएल डो या तेव्हाच्या लष्करशहाच्या तुरुंगात, मग बँकेत आणि संयुक्त राष्ट्रांत मोठ्या पदांवर. १९९० मध्ये त्यांनी टेलरच्या बंडाला पैसेही दिले होते, आणि त्याबद्दल सत्य आणि समेट आयोगानं २००९ मध्ये त्यांना ३० वर्षं सार्वजनिक पदापासून दूर ठेवण्याची शिफारस केली. ती अमलात आली नाही. राज्य त्यांनी धीरानं उभं केलं. २०१० मध्ये ४६० कोटी डॉलरचं परदेशी कर्ज माफ करून घेतलं. अर्थ खातं, पोलीस दल अशा ठिकाणी बायका नेमल्या. बलात्काराविरुद्धचा कडक कायदा त्यांच्या शपथविधीच्या आधीच महिला वकिलांच्या संघटनेनं रेटून संमत करून घेतला होता, २००८ मध्ये त्यासाठी विशेष न्यायालयही झालं. शिक्षा मात्र फार थोड्यांना झाली. २०२० मध्ये पुढच्या राष्ट्राध्यक्षांना बलात्कार ही राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करावी लागली, यावरून काय ते समजा.

आणि राजकीय प्रतिनिधित्व? सरलीफ यांच्या बारा वर्षांत सक्तीचं आरक्षण काही झालं नाही. निवडणूक कायद्यात पक्षांनी ३० टक्के स्त्री उमेदवारांसाठी प्रयत्न करावा असं आलं, म्हणजे नुसता उपदेश. २०१७ च्या निवडणुकीनंतर ७३ जणांच्या सभागृहात बायका होत्या ९. मुलींच्या जननेंद्रियांची काटछाट करण्याच्या प्रथेवर त्यांनी आदेश काढला तो पद सोडताना, जानेवारी २०१८ मध्ये, तोही एका वर्षापुरता. प्रथा चालवणाऱ्या सांदे मंडळांत बायकाच असतात आणि त्यांच्या हाती मतंही असतात, हे कारण उघड आहे.

२०११ चं शांततेचं नोबेल सरलीफ आणि ग्बोवी यांना येमेनच्या तवक्कुल करमान यांच्यासोबत मिळालं. वर्षभरानं ग्बोवींनी समेट कार्यक्रमाच्या प्रमुखपदाचा राजीनामा दिला आणि सरलीफ यांनी स्वतःच्या मुलांना दिलेल्या पदांवर जाहीर टीका केली. एका व्यासपीठावर बसलेल्या दोन बायका वर्षभरात समोरासमोर आल्या म्हणून आपले लोक लगेच 'बायकांचं पटत नाही' म्हणतात. मला तर हे निरोगी लक्षण वाटतं. चळवळीनं सत्तेतल्या बाईलाही सूट दिली नाही.

भारताशी असलेला धागा इथेच येतो. जानेवारी २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या महिलांची तुकडी लायबेरियाला गेली. शांतिसेनेतली ती जगातली पहिली पूर्ण महिला पोलीस तुकडी, शंभराहून थोड्या जास्त जणींची. सरलीफ यांच्या कार्यालयाचा पहारा, रात्रीची गस्त, दंगल आवरणं ही कामं तिनं केली. तुकड्या बदलत बदलत २०१६ पर्यंत त्या तिथे होत्या. लायबेरियाच्या सुरक्षा दलांतलं बायकांचं प्रमाण या काळात ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेलं असं संयुक्त राष्ट्रांनी म्हटलं. सगळं श्रेय आपल्या मुलींना देणं बरोबर नाही, कारण भरतीसाठी मुलींना शाळा पूर्ण करून देणारे वर्ग स्वतंत्रपणे चालवले गेले होते. पण हेल्मेट घालून, बंदूक घेऊन उभी असलेली बाई रोज रस्त्यावर दिसणं ही काही छोटी गोष्ट नाही.

रवांडाकडे जाण्याआधी एक गैरसमज काढून टाकते. 'बाई जात्याच शांतताप्रिय' हे वाक्य प्रशिक्षणातून हद्दपार करा. १९९४ मध्ये रवांडात नरसंहार झाला तेव्हा पॉलिन न्यिरामासुहुको या कुटुंब आणि स्त्री विकास खात्याच्या मंत्री होत्या. नरसंहार आणि बलात्कार यांबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं त्यांना २०११ मध्ये दोषी ठरवलं. बलात्कार हे नरसंहाराचं हत्यार असू शकतं हा निवाडा त्याच न्यायाधिकरणानं १९९८ मध्ये दिला, आणि त्या खंडपीठावर होत्या दक्षिण आफ्रिकेच्या, तमिळ वंशाच्या नवी पिल्लै. दोघीही बाया. फरक पडला तो त्या कुठल्या संस्थेत, कुणाला जबाबदार राहून काम करत होत्या याचा.

रवांडात २००३ च्या राज्यघटनेनं निर्णय घेणाऱ्या सगळ्या संस्थांत किमान ३० टक्के जागा स्त्रियांना दिल्या. ८० जणांच्या सभागृहात २४ जागा केवळ बायकांसाठी, त्यांची निवड स्थानिक निर्वाचक मंडळं करतात. उरलेल्या जागांवरही पक्षांनी बायका दिल्या आणि २००८ मध्ये आकडा ५६ टक्क्यांवर, २०१३ मध्ये ६४ च्या घरात गेला. तिथल्या बायकांचं सगळ्यात मोठं यश मात्र आरक्षणाच्या आधीचं आहे: मुलींना मुलांइतका वारसाहक्क देणारा १९९९ चा कायदा. लाखो विधवा आणि अनाथ मुली नवऱ्याच्या किंवा बापाच्या जमिनीवर हक्क नसलेल्या झाल्या होत्या, त्यातून ती मागणी उभी राहिली.

पण पॉल कागामे २००० पासून राष्ट्राध्यक्ष आहेत. त्यांच्याविरुद्ध २०१० ची निवडणूक लढवायला परदेशातून आलेल्या व्हिक्टोअर इंगाबिरे यांना अटक झाली आणि पुढे १५ वर्षांची शिक्षा. २०१८ मध्ये माफी देऊन सोडलं. २०१७ मध्ये डायान र्विगारा यांचा उमेदवारी अर्ज बाद झाला आणि नंतर त्या तुरुंगात गेल्या. बायकांचं बहुमत असलेल्या संसदेतून या दोघींसाठी आवाज उठला नाही. शेजारच्या काँगोतल्या एम२३ बंडखोरांना रवांडाचं सैन्य मदत करतं असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी वारंवार नोंदवलं आहे, रवांडा ते नाकारतो. तिथेही त्या बहुमतानं काही थांबलेलं नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, आणि सरपंचाच्या खुर्चीशेजारी नवऱ्याची खुर्ची ठेवणारी गावंही आहेत. तुमच्या सदस्यांना रवांडाची गोष्ट म्हणूनच चटकन कळेल. त्यांना नवऱ्याची खुर्ची दिसते, रवांडातल्या खासदारबाईला राष्ट्राध्यक्षांची. तरी आपली सदस्य पुढच्या निवडणुकीत विरोधी पॅनेलमधून उभी राहू शकते, ती सोय लहान समजू नका. रवांडाचे आकडे फळ्यावर लिहाल तेव्हा त्यांच्या एका बाजूला १९९९ चा वारसा कायदा लिहा आणि दुसऱ्या बाजूला इंगाबिरे यांची अटक, मग गटांना चर्चेला बसवा. लायबेरियासाठी वेळ कमी पडला तर अक्राचं सभागृह गाळा, पण बाजारातल्या टोपल्या सांभाळण्याचा भाग ठेवा. वॉर्डातली नोंदणी करताना त्यांना त्याचाच उपयोग होईल.